बारीक परजीवी गांधीलमाश्यांसाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप: भिंग पास, दिवा नापास

7 ते 45 पट झूम, दोन्ही डोळ्यांनी बघायची सोय, खाली एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी अशी प्लेट, वर भिंगाभोवती बसणारा गोल एलईडी दिवा. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा निरनिराळी स्टिकरं लावून बऱ्याच नावांनी विकला जातो. मी तो एकाच कामासाठी घेतला. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, अळ्या, कीटकांची अंडी यांच्यातून बाहेर पडणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या ओळखायच्या होत्या. नाणी, दागिने किंवा मोबाइलचं सर्किट बघणाऱ्यांना माझ्या या लिहिण्याचा फारसा उपयोग नाही.

थोडक्यात मत असं: भिंगं उत्तम, घुंड्या ठीक, दिवा टाकाऊ, आणि सोबतचा ‘कीटक ओळख तक्ता’ पाकिटातून काढला नाही तरी काही बिघडत नाही. पट वाढले की नाव आपोआप कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी थोड्या काचेच्या नळ्या आणि कापूस आणावा.

नोकरीभर मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइडी बघितल्या. तिथला कंपाउंड मायक्रोस्कोप 400 किंवा 1000 पटींवर चालतो, पण त्याला पातळ, आरपार उजेड जाईल अशी वस्तू लागते. अख्खी गांधीलमाशी त्याखाली ठेवली तर काळा गोळा दिसतो आणि एका वेळी त्याचा एखादाच पातळ थर फोकसमध्ये येतो. वर चित्र उलटं. स्टिरिओत प्रत्येक डोळ्याला जरा वेगळ्या कोनातून चित्र मिळतं, म्हणून खोली कळते. चित्र सुलटं दिसतं आणि भिंग वस्तूपासून सुमारे 10 सेंटिमीटर वर राहतं. त्या मधल्या जागेत चिमटा, सुई, माव्याने भरलेलं अख्खं पान, सगळं मावतं.

झूमपेक्षा महत्त्वाचा आकडा आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बारीक अक्षरात असतो. माझ्या आयपीसवर 20 आहे. त्याला खालच्या झूम भिंगाच्या पटीने भागायचं (आयपीस स्वतः 10 पटींचा, म्हणून ते 0.7 ते 4.5, एकूण 7 ते 45). कमीत कमी झूमला, म्हणजे 0.7 ला, सुमारे 28.6 मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं. जास्तीत जास्त, म्हणजे 4.5 ला, 4.4 मिलिमीटरचं. दोन मिलिमीटरची गांधीलमाशी या शेवटच्या वर्तुळात जवळजवळ अर्धी जागा व्यापते. पतंगांच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, तिला नववा हिस्सा पुरतो. आणि डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस या 1997 साली नाव मिळालेल्या जातीचा नर 0.139 मिलिमीटरचा असतो. पंख नाहीत, डोळे नाहीत, माहीत असलेल्या कीटकांत सगळ्यात लहान. तो या मायक्रोस्कोपखाली आला तरी कचरा समजून फुंकला जाईल.

आता प्रत्यक्ष कामाचं. 10 पटींना पहिला प्रश्न सुटतो: ही माशी की गांधीलमाशी? माशीला पंखांची एकच जोडी आणि मागे दोन छोट्या गाठी. गांधीलमाशीला चार पंख, पण मागचा पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकलेला असतो म्हणून नुसत्या डोळ्याला दोनच वाटतात. सुईने हलकेच सरकवला की चार मोजता येतात. कंबर बारीक, मिशा लांब किंवा कोपरात वाकलेल्या. कमरेवर उभी गाठ दिसली तर बहुतेक पंख फुटलेली मुंगी असते.

20 पटींना पंखाच्या शिरा वाचता येतात, आणि हा मायक्रोस्कोप खरा इथे कामाला येतो. पंखावर शिरांची भरपूर जाळी असेल तर इक्नुमॉनिड किंवा ब्रॅकॉनिड. या दोन कुळांत फरक करायला पंखाच्या बाहेरच्या अर्ध्यात उलट वळणाऱ्या आडव्या शिरा मोजायच्या: इक्नुमॉनिडला सहसा दोन, ब्रॅकॉनिडला एक. अपवाद आहेत, पण नवख्याने आधी नियमावर चालावं. जाळी अजिबात नाही, पुढच्या कडेने एकच शीर जाते आणि तिला शेवटी छोटा फाटा फुटतो, असं असेल तर ती चाल्सिड, म्हणजे बारीक परजीवी गांधीलमाश्यांच्या एका मोठ्या गटातली. अंग हिरवंनिळं धातूसारखं चमकत असेल तर खात्री आणखी वाढते. मागची मांडी फुगलेली आणि तिला खालून दात असतील तर चाल्सिडिडी हे कूळ. एवढं तर साध्या हातभिंगातूनही कळतं.

45 पटींना पावलाची पेरं मोजायची. पाच असतील तर कुळं पुष्कळ उरतात. चार असतील तर युलोफिडी डोळ्यासमोर यावी. तीन असली आणि पंखावरचे केस रांगेने लागलेले असले की ट्रायकोग्रामाचं कूळ. मधल्या पायाच्या नडगीला टोकाशी जाडजूड काटा दिसला तर एन्सिर्टिडी. पिठ्या ढेकणाच्या तपकिरी, पिंपासारख्या ममीतून (परजीवीने आतून खाऊन टणक झालेल्या सालीतून) येणाऱ्या बऱ्याचशा याच. हिला जिवंत बघायची असेल तर झाकण असलेली डबीच वापरा, कारण ती उडत नाही, उसळते. मधलं पाऊल टेकलेलं दिसतं आणि पुढच्या क्षणी प्लेट रिकामी.

आता दिव्याची तक्रार, आणि ती मोठी आहे. चाल्सिडचं अंग ठिपक्याठिपक्यांच्या खळग्यांचं आणि चमकणारं. गोल एलईडी दिवा लावला की प्रत्येक उंचवट्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक माळ उमटते आणि छातीवरची नक्षी, जी ओळखायला हवी तीच, पुसली जाते. दिवा मंद केला तरी ठिपके तसेच, फक्त फिके. एका विक्रेत्याने यावर आणखी प्रखर दिवा घ्या असं सुचवलं; म्हणजे दुखणं तेच, मात्रा दुप्पट. उपाय फुकटाचा आहे. ट्रेसिंग पेपरची पट्टी कापून तिची नळी करायची, ती कीटकाभोवती उभी ठेवायची आणि दोन टेबललॅम्पचा उजेड बाहेरून त्या कागदावर पाडायचा. उजेड सगळीकडून मऊ येतो. सपाट हिरवा ठिपका वाटणाऱ्या छातीवर एकदम खाचा, रेघा, केसांची मुळं दिसायला लागतात. हा बदल मी ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांनी आधी झूमच्या घुंडीकडे बघितलं. घुंडीला हातही लावलेला नव्हता.

याच ओघात त्या काळ्या-पांढऱ्या प्लेटचं कौतुक करायला हवं, कारण जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो. पांढऱ्या बाजूवर पंख नुसता काचेसारखा. प्लेट उलटून काळी बाजू वर घेतली आणि उजेडाचा कोन जमला की त्याच पंखावर गुलाबी, पिवळे, हिरवे, निळे पट्टे उमटतात. पंखाचा पापुद्रा इतका पातळ असतो की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग तयार होतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात तेच हे रंग. फक्त इथे ते फिरत नाहीत, कारण पंखाची जाडी जागोजागी ठरलेली असते. 2011 साली याच्यावर सविस्तर शोधनिबंध आला आणि बऱ्याच जातींत हे पट्टे ओळखायच्या कामी येतात हे दिसलं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या पंख कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने स्लाइडवर चिकटवले जात होते आणि बाल्सममध्ये हे रंग नाहीसे होतात, म्हणून ते बहुतेकांच्या नजरेतूनच सुटले. माझ्या स्लाइडी बघण्याच्या सवयीला हा चांगलाच टोला होता.

तरी पण ओळख भिंगाखाली सुरू होत नाही, हे मला या खरेदीच्या निमित्ताने सांगायचं आहे. गांधीलमाशी कशातून बाहेर आली हे माहीत असेल तर निम्मं काम झालेलं असतं. नुसती सापळा म्हणून ठेवलेल्या पिवळ्या ताटलीतल्या साबणपाण्यात सापडलेली चाल्सिड आणि ‘अमुक झाडावरच्या तमुक खवले किडीतून निघाली’ अशी चिठ्ठी असलेली चाल्सिड, यांत दुसरी कैक पटींनी मोलाची. म्हणून नळ्या. संशयित पान किंवा अंड्यांचा पुंजका नळीत घालायचा, कापसाचा घट्ट बोळा लावायचा आणि रोज बघायचं. एका नळीत एकच प्रकारचा यजमान, म्हणजे ज्याच्यात परजीवी वाढते तो कीटक. दोन घातलेत की कोण कोणातून आलं हे देवालाही सांगता येणार नाही.

कण्हेरीवरचा पिवळाधमक मावा यासाठी फार चांगला. त्यातले काही मावे फुगून बदामी, टणक होतात. या ममी. आत ब्रॅकॉनिड कुळातली अळी मावा पोखरून खाते, खालून चीर पाडून त्याला रेशमाने पानाला चिकटवते आणि त्याच्याच सालीत कोष विणते. एन्सिर्टिड नाही, अ‍ॅफिडिइनी हा ब्रॅकॉनिडांतलाच गट. काळी, सडपातळ ममी असेल तर मात्र आत अ‍ॅफेलिनस (ही चाल्सिड) असण्याची शक्यता जास्त. ममी प्लेटवर ठेवून 30 पटींना बघत बसा. पाठीच्या मागच्या अंगाला आतून जबड्याची दोन टोकं बाहेर येतात, मिटतात, जरा सरकून पुन्हा येतात. आतली गांधीलमाशी स्वतःभोवती वळत वळत गोल कापत जाते. शेवटी थोडासा भाग कापायचा ठेवते, त्यावर झाकण बिजागरीसारखं उघडतं, आधी मिशा बाहेर, मग डोकं, मग एक पाय. यासाठी नुसता हा मायक्रोस्कोप घेतला असता तरी मी खूश असते.

आणि भोकाची कड नीट बघा. गोल, स्वच्छ कापलेलं भोक असेल तर मूळ परजीवी निघाली. कड कुरतडलेली, वेडीवाकडी असेल तर बहुतेक वेळा आतल्या परजीवीलाच दुसऱ्या परजीवीने खाल्लेलं असतं. डेंड्रोसेरस, असाफिस ही त्यांतली नावं. मावा मारणारी मित्र म्हणून जिचं कौतुक करायचं ती ही नव्हे, तिची मारेकरीण. ढेकण्यांच्या, म्हणजे झाडावरच्या वास मारणाऱ्या ढेकणांच्या, अंड्यांवरही असंच. पिल्लू बाहेर पडलं तर अंड्याचं झाकण सबंध उचललेलं असतं, गांधीलमाशी निघाली तर कुरतडलेलं भोक दिसतं. रिकाम्या अंड्यांवरूनही हिशेब लागतो, आणि तो 20 पटींत लागतो.

कुठे हे यंत्र हात टेकतं तेही सांगते. ट्रायकोग्रामा. पतंगाचं अंडं काळं पडलं, त्यातून लाल डोळ्यांचे कण बाहेर आले, नराच्या मिशांवर लांब केस आहेत, इथपर्यंत ठीक. पण जात? रंग तापमानाप्रमाणे बदलतो, आकार यजमानाच्या अंड्याप्रमाणे. नराच्या जननेंद्रियाची रचना हीच भरवशाची खूण आहे, हे सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी 1971 च्या शोधनिबंधात दाखवून दिलं आणि पुढची ओळख त्या वाटेने गेली. त्यासाठी नर स्वच्छ करून स्लाइडवर बसवायचा आणि कंपाउंडखाली 400 पटींना बघायचा. स्टिरिओवर डोळे ताणून उपयोग नाही. काही जाती तर तिथेही सुटत नाहीत, डीएनए लागतो.

एवढा आटापिटा नावासाठी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी अ‍ॅफिटिस या गांधीलमाशीचा किस्सा. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांत लाल खवले कीड होती. तिच्यावरच्या पिवळ्या, मिलिमीटरभर गांधीलमाश्या आशियात दिसत होत्या, पण ‘ही तर आपल्याकडे आहेच, अ‍ॅफिटिस क्रिसोम्फाली’ असं समजून त्या आणल्याच गेल्या नाहीत. दिसायला सारख्या, जाती वेगळ्या. 1940 च्या दशकाच्या शेवटी चीनमधून अ‍ॅफिटिस लिंगनानेन्सिस आणि 1956-57 मध्ये भारत-पाकिस्तानातून अ‍ॅफिटिस मेलिनस नेली, आणि या मेलिनसने आतल्या भागातल्या बागांमध्ये बाजी मारली. गंमत म्हणजे अ‍ॅफिटिसच्या कोषावरचे काळे डाग जाती ओळखायला उपयोगी पडतात, आणि ते स्टिरिओखाली छान दिसतात. खवला सुईने उलटायचा. खाली पिवळा कोष उघडा पडलेला आणि कडेला विष्ठेचे काळे दाणे.

जोडसामानाबद्दल थोडक्यात. खालून लावायचं 2 पटींचं जादा भिंग वेगळं मिळतं. 90 पटींपर्यंत जाता येतं, पण खालची जागा निम्म्याहून कमी होते, चिमटा भिंगावर आपटतो आणि चित्र अंधारतं. मेलेल्या, कार्डावर बसवलेल्या नमुन्यांना ठीक, जिवंतांना नको. मोबाइल अडकवायचा क्लिप ढिला आहे, फोटो निघेपर्यंत मान टाकतो. ‘1000 पट’ लिहिलेले यूएसबी कॅमेरे या कामाला घेऊच नका. चित्र पडद्यावर मोठं होतं, त्यातला तपशील वाढत नाही. सोबतच्या तक्त्यात सगळ्या परजीवी गांधीलमाश्यांसाठी मिळून एक चित्र आहे, त्याच्याखाली टेरोमॅलिडी असं छापलंय. ते जुनं कूळ म्हणजे कुठेच न बसणाऱ्यांचा गोतावळा होता. 2022 मध्ये ते फोडून चाल्सिडांची 50 कुळं मांडली गेली. इंटरनेटवरच्या जुन्या ओळखसूच्या वापरताना हे लक्षात ठेवा, नाहीतर नाव बरोबर येऊनही कूळ चुकीचं लिहाल.

नमुने ठेवायचे तर अल्कोहोलमध्ये, चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाकायची; शाई विरघळते. अल्कोहोलमधून काढून तशाच वाळवल्या तर नाजूक गांधीलमाश्यांचं डोकं आणि पोट चपटतं आणि मग कुठलंही भिंग काही करू शकत नाही. आणि हो, चावतात का हे सगळेच विचारतात. या मिलिमीटरभराच्यांची अंडी घालायची नळी आपल्या कातडीत जात नाही. काही मोठ्या इक्नुमॉनिड मात्र चिमटीत धरल्या तर टोचतात.

घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. आयपीसवरचा आकडा किती, दिवा काढून ठेवता येतो का, आणि फोकसच्या घुंडीचा ताण घट्ट करायची कडी आहे का. माझ्याकडे जादा भिंग लावलं की वजनाने सगळं डोकं हळूहळू खाली येत होतं, ती कडी आवळल्यावर थांबलं. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही. दिव्याशिवाय नुसतं डोकं आणि स्टँड मिळत असेल तर तेच घ्या. वाचलेल्या पैशांत वाकणाऱ्या मानेचे दोन टेबललॅम्प, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि भरपूर नळ्या येतात.